नेट सारखं तुटतंय? आधी शेजारणीच्या नळाला पाणी आहे का ते बघा

आजचा विषय आहे वायफायचा. लॅपटॉपवर काम चालू असताना मध्येच नेट जातं, दोन मिनिटांनी येतं, पुन्हा जातं. पूर्ण बंद पडलं तर निदान कळतं तरी की बंद आहे. पण हे येणं-जाणं फार छळतं.

आणि हल्ली हा छळ नुसता करमणुकीपुरता राहिलेला नाही. गटाचा कर्जाचा प्रस्ताव, मासिक हिशेब, बँकेची कागदपत्रं, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं ऑनलाइन झालंय. तीन पानं भरून झाली, ओटीपी आला, कागद चढवायला लावले आणि नेट गेलं. परत आल्यावर स्क्रीन म्हणते, पहिल्यापासून सुरू करा. त्यात शेवटची तारीख उद्याची असेल तर हातापायातलं बळ जातं.

मग कुणीतरी सांगतं, "ताई, लॅपटॉपच खराब झालाय, फॉरमॅट मारावा लागेल." पाचशे-सातशे रुपये जातात. फॉरमॅटमध्ये गटाच्या हिशेबाच्या फायली पुसल्या जातात त्या वेगळ्याच. आणि घरी आणून लावावं तर नेट पुन्हा तसंच तुटतं, कारण दोष लॅपटॉपमध्ये नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून आज आपण एवढंच शिकायचं, की दोष कुठं आहे हे पैसे न खर्चता कसं ओळखायचं. त्यातले निम्मे उपाय तुम्ही स्वतः करू शकता. उरलेल्या निम्म्यांसाठी माणूस बोलवावा लागेल, पण त्याला नेमकं काय सांगायचं हे तुम्हाला माहीत असेल. मग कुणी फसवणार नाही.

नेट घरात येतं कसं?

गावातल्या नळाच्या पाण्यासारखंच समजा. धरणातलं किंवा विहिरीतलं पाणी मोठ्या पाइपानं गावच्या टाकीत येतं. टाकीतून लहान पाइपानं घरच्या नळाला येतं. नळाखाली आपण घागर धरतो.

नेटचंही तसंच. कंपनीकडून तारेनं किंवा काचेच्या बारीक धाग्यानं, ज्याला ऑप्टिकल फायबर म्हणतात, नेट आपल्या भिंतीवरच्या डबीपर्यंत येतं. २०११ साली केंद्र सरकारनं गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत असं फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तिलाच आता भारतनेट म्हणतात. ती डबी म्हणजे राउटर. राउटर हा आपला नळ. आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतून होतो. त्या टप्प्याचं नाव वायफाय.

म्हणजे वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ ठीक असून वरूनच पाणी न येणं वेगळं, आणि पाणी येत असून घागर नळाखाली नीट न धरणं वेगळं. आपण दोन्हीला "नेट गेलं" असंच म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो.

पहिली पाहणी: शेजारणीचा नळ

आपल्या नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? प्लंबरला बोलवायच्या आधी शेजारणीला विचारतो, "तुमच्याकडं आलंय का गं?" इथंही तेच करायचं.

लॅपटॉपचं नेट तुटलं त्याच क्षणी त्याच वायफायला जोडलेला एखादा मोबाईल हातात घ्या. एक काळजी घ्या. मोबाईलचा स्वतःचा डेटा आधी बंद करा. तो चालू असेल तर वायफाय गेल्यावर मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं, मोबाईलवर तर नेट चाललंय.

आता मोबाईलवर एखादं पान उघडून बघा.

मोबाईलवरही उघडलं नाही, तर लॅपटॉप निर्दोष आहे. दोष राउटरमध्ये, विजेत किंवा कंपनीच्या लाइनमध्ये आहे. लॅपटॉप दुकानात नेऊ नका.

मोबाईलवर नीट चाललंय आणि फक्त लॅपटॉपचं तुटलंय, तर दोष लॅपटॉपमध्ये किंवा तो ठेवला आहे त्या जागेत आहे.

दुसरी खूण लॅपटॉपच्या स्क्रीनवरच असते. उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळाजवळ वायफायचं चिन्ह असतं. नेट तुटल्यावर त्यावर बोट किंवा बाण नेऊन दाबा. तिथं आपल्या वायफायच्या नावाखाली "कनेक्टेड" असूनही "नो इंटरनेट" असं दिसलं, तर लॅपटॉपनं राउटरचा हात धरलेला आहे, पण वरून पाणी आलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. नाव दिसतंय पण "कनेक्टेड" हा शब्दच गेलाय, तर लॅपटॉप आणि राउटर यांचा हात सुटलाय. ही खूण आणि मोबाईलची पाहणी एकमेकींशी जुळली की निदान पक्कं समजा.

आठ दिवसांची वही

सारखं येणंजाणं असलं की एका वेळच्या पाहणीनं भागत नाही. गटाची बचतीची वही ठेवतो तशी आठ दिवस एक वही ठेवा. नेट तुटलं की एक ओळ लिहायची: तारीख आणि वेळ, तेव्हा लाईट होती का, मोबाईलवर वायफाय चालत होतं का, राउटरचे दिवे कसे होते, लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, आणि आपण कुठं बसलो होतो.

आठ दिवसांनी वही उघडली की कारण पुष्कळदा आपोआप दिसतं. समजा, रोज संध्याकाळी सहा-साडेसहालाच तुटतंय आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागतायत. तेव्हा बघा, त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी किंवा पाण्याची मोटार सुरू होते का. मोटार सुरू होताना होल्टेज एकदम पडतं. पंखा नुसता मंद होतो, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा चालू होतो. किंवा समजा, चार्जर काढल्यावरच तुटतं. मग दोष लॅपटॉपच्या वीज वाचवण्याच्या सवयीत आहे. किंवा आतल्या खोलीत बसलं तरच तुटतं. मग भिंतीकडं बघा.

राउटरची बाजू

दोष राउटरकडं निघाला तर आधी त्याचे दिवे बघा. फायबरच्या डबीवर बहुतेक वेळा 'पॉन' नावाचा एक दिवा असतो, तो हिरवा आणि स्थिर हवा. दुसरा दिवा 'एल ओ एस' नावाचा. हा लाल लुकलुकत असेल तर काचेच्या धाग्यातून प्रकाश डबीपर्यंत पोचतच नाही. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीनं तार तुटली असेल किंवा घरातलीच बारीक तार कुठंतरी दुमडली असेल. या धाग्यातून प्रकाश वाहतो. तो काटकोनात मुडपला की प्रकाश बाहेर निसटतो. म्हणून ती तार खिळ्याला गुंडाळू नका, दारात चेमटू देऊ नका, तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालू नका. लाल दिवा असेल तर तुमच्या हातात काही नाही, कंपनीलाच कळवावं लागतं.

दिवे ठीक असतील तर राउटर बटणातून बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. लाईट गेल्यावर परत आली की राउटरला पूर्ण उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. मागं बारीक छिद्रातलं 'रिसेट' बटण मात्र टाचणीनं दाबू नका. त्यानं राउटरमधली सगळी मांडणी पुसली जाते आणि मग माणूस बोलवावाच लागतो.

वीज जाण्याचा त्रास जास्त असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. अनेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण आपल्या राउटरच्या मागं लिहिलेला आकडा बघूनच यूपीएस घ्या. अडॅप्टर बदलतानाही तोच नियम. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. व्होल्टचा आकडा तोच हवा आणि अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त हवा. कमी ताकदीच्या अडॅप्टरवर राउटर चालतो, पण चार जणांनी एकदम वापरला की दम तोडतो.

आता जागा. आपल्याकडं राउटर कुठं असतो? टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटावर, नाहीतर स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीत. वर विणलेला रुमालही टाकलेला असतो, धूळ बसू नये म्हणून. वायफायच्या लहरी धातूवर आदळून परत फिरतात, त्यामुळं कपाट, पत्रा, भांडी हे तिचे शत्रू. पाणी या लहरी शोषून घेतं, म्हणून पिंप आणि टाकीजवळही ठेवू नका. जाड दगडी किंवा मातीची भिंत लहरी अडवते, स्लॅबमधल्या सळया अडवतात. राउटर उंच, मोकळ्या जागी, काम जिथं चालतं त्या खोलीत किंवा तिच्या दाराच्या रेषेत ठेवा. रुमाल काढा. राउटरला वारा लागतो, तापला की तोही अडखळतो.

एका नावाची दोन वायफाय

पुष्कळ नव्या राउटरमधून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्‌झची, दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, फरक लक्षात ठेवा. देवळात भजन चालू असताना ढोलाचा जाड आवाज वेशीपर्यंत जातो, टाळाचा बारीक आवाज आवारातच राहतो. २.४ ही ढोलासारखी: लांब जाते, भिंत ओलांडते, पण वेग कमी. ५ ही टाळासारखी: वेग जास्त, पण एक-दोन भिंतींत दमते.

आतल्या खोलीत बसून ५ वाल्या वायफायला जोडलं असेल तर ते तुटणारच. दोन्हींचं नाव एकच असलं तर लॅपटॉप कधी हिच्यावर, कधी तिच्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला काम अडखळतं. राउटर बसवणाऱ्याला सांगून दोन्हींना वेगळी नावं द्या आणि लांबून काम करायचं असेल तर २.४ ला जोडा.

२.४ ची अडचण म्हणजे गर्दी. हा पट्टा भारतात २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. त्यामुळं ब्लूटूथचा स्पीकर, बिनतारी माऊस, शेजारच्यांची वायफाय सगळी तिथंच. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते, ती चालू असताना जवळचं वायफाय अडखळू शकतं. बाजारपेठेच्या आळीत दुकानागणिक वायफाय असेल तर एकमेकांचा आवाज एकमेकांवर चढतो. राउटरमध्ये त्यासाठी 'चॅनल' नावाची वाट बदलता येते. १, ६ आणि ११ या तीन वाटा एकमेकींना छेदत नाहीत. बसवणाऱ्याला विचारा, "आपलं चॅनल कोणतं आहे, आणि यातलं मोकळं कोणतं?" एवढ्या प्रश्नानंही तो सरळ होऊन बोलायला लागतो.

आणि एक राहिलं. पासवर्ड आळीभर वाटलेला असेल तर नेट अडखळणारच. वीस मोबाईल व्हिडिओ बघत असताना तुमचा अर्ज वर कसा चढेल? पासवर्ड बदला आणि गटाच्या कामापुरता ठेवा.

राउटर नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट आहे

आपल्यातल्या पुष्कळ जणींकडं राउटर नाहीच. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवतो. तिथली कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण दोन सिमचं. अनेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमचा डेटा चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन आला की डेटा थांबतो. तुम्ही बोलत असता आणि लॅपटॉपवरचा अर्ज गोठलेला असतो. फोन ठेवला की नेट परत येतं. म्हणजे घरून "जेवायला कधी येतेस" असा एक फोन आला तरी प्रस्ताव अडतो. महत्त्वाचं काम करताना फोनच्या सेटिंगमधून दुसरं सिम तेवढा वेळ बंद ठेवा. ओटीपी त्याच सिमवर येणार असेल तर ते सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. डेटाच्या सिमवरही फोन येऊ शकतो, म्हणून त्या सिमचं व्हीओएलटीई चालू ठेवा. मग बोलताना डेटा चालू राहतो.

दुसरं, फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करतो. लॅपटॉप थोडा वेळ झोपला आणि कुणी जोडलेलं नाही असं दिसलं की काही मिनिटांत फोन बॅटरी वाचवायला हॉटस्पॉट बंद करतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'आपोआप बंद करा' अशा अर्थाचं बटण असतं, कामापुरतं ते बंद करा. बॅटरी सेव्हरही काढा. फोन चार्जिंगला लावून उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. तापला की तोही हात आखडता घेतो.

तिसरं, रोजचा डेटा संपतो. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर तो संपल्यावर वेग इतका घसरतो की नेट तुटल्यासारखंच वाटतं. आणि तो डेटा खातं कोण? पुष्कळदा लॅपटॉपच. विंडोज स्वतःची नवी आवृत्ती गुपचूप उतरवत बसते. त्याला आवर घालता येतो. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग आपल्या हॉटस्पॉटचं 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथं 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. म्हणजे लॅपटॉपला कळतं, हे पाणी मोजून येतं, जपून वापरायचं.

चौथा एक सोपा उपाय, जो पुष्कळांना माहीतच नाही. फोनच्या चार्जिंगच्या वायरीनं फोन लॅपटॉपला जोडा. वायर नुसती चार्जिंगची नको, फोटो आणता येतात ती हवी. फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आता नेट वायरीतून येतं, वायफायचा संबंधच उरत नाही, आणि फोन चार्जही होतो. यानं निदानही होतं. वायरीवर तुटणं थांबलं, तर दोष वायफायमध्ये होता. वायरीवरही तुटत राहिलं, तर मोबाईलच्या टॉवरचा प्रश्न आहे. मग खिडकीशी, ओट्यावर किंवा माडीवर जागा बदलून बघा.

लॅपटॉपची बाजू

मोबाईलवर चालतंय आणि लॅपटॉपवरच तुटतंय, असं पक्कं झालं तर पुढचे उपाय याच क्रमानं करा. एका वेळी एकच करा आणि एक दिवस वापरून बघा. चार उपाय एकदम केले तर गुण कशानं आला ते कळत नाही.

एक. लॅपटॉप 'रिस्टार्ट' करा. नुसतं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. तो झोपतो फक्त.

दोन. वायफायची ओळख पुसून नव्यानं करून द्या. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वायफाय', 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. आपल्या वायफायच्या नावापुढं 'फर्गेट' दाबा. मग पुन्हा पासवर्ड टाकून जोडा. राउटरचा पासवर्ड किंवा मांडणी बदलली असेल तर यानं काम होतं.

तीन. वीज वाचवण्याची सवय मोडा. बॅटरी वाचावी म्हणून विंडोज वायफायचा भाग मधूनमधून झोपवते आणि तो वेळेवर जागा होत नाही. स्टार्टच्या चिन्हावर माऊसचं उजवं बटण दाबा, 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. तिथं 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडा. ज्या नावात 'वायरलेस' किंवा 'वायफाय' असा शब्द आहे त्यावर दोनदा दाबा. 'पॉवर मॅनेजमेंट' नावाच्या पानावर पहिल्या चौकोनात टिचकी असते: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी. ती टिचकी काढा आणि 'ओके' करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसत नाही. दिसलं नाही तर पुढं चला. बॅटरीवरच तुटत असेल तर हा उपाय आधी करा.

चार. ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉप आणि त्याच्या वायफायच्या भागामधला दुभाष्या. दुभाष्या जुना किंवा बिघडलेला असला की दोघांचं बोलणं मध्येच तुटतं. विंडोज अपडेट झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधल्या त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' नावाच्या पानावर 'रोल बॅक' असं बटण आहे, ते आधीचा दुभाष्या परत आणतं. ते फिकट दिसत असेल तर आधीचा शिल्लक नाही असं समजा. मग लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच संकेतस्थळावरून, आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. "तुमचे ड्रायव्हर जुने झालेत, इथं दाबा" अशा जाहिरातींवर बोट ठेवू नका.

पाच. 'नेटवर्क रिसेट'. सेटिंग्जच्या नेटवर्कच्या पानावर तळाशी किंवा 'ॲडव्हान्स्ड'मध्ये हे सापडतं. यानं नेटची सगळी मांडणी कोरी होते. हिशेबाच्या फायलींना धक्का लागत नाही, पण साठवलेले वायफायचे पासवर्ड जातात. म्हणून पासवर्ड वहीत लिहा, उघडं काम सेव्ह करा आणि मगच दाबा. लॅपटॉप थोड्या वेळानं आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

सहा. झाकण हलवून बघा. पुष्कळ लॅपटॉपच्या वायफायची अँटेना स्क्रीनच्या कडेत असते आणि तिची बारीक वायर बिजागरीतून खाली येते. स्क्रीन पुढं-मागं केली की नेट जातं-येतं असं झालं तर ती वायर दुखावली आहे. हे काम मात्र कारागिराचं.

हे सगळं करूनही राहिलं तर वायफायचा भाग थकलेला असू शकतो. तेव्हाही नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. यूएसबीला लावायचं वायफायचं छोटं डोंगल काही शे रुपयांत मिळतं. शक्य असेल तर आधी कुणाचं तरी उसनं आणून लावून बघा. चाललं तर मग विकत घ्या.

तुटतंय तोवर काम कसं सांभाळायचं?

दुरुस्ती होईपर्यंत काम थांबत नाही. म्हणून चार पथ्यं पाळा.

मोठा मजकूर थेट अर्जाच्या चौकटीत लिहू नका. आधी वेगळ्या फायलीत लिहून सेव्ह करा, मग उचलून चिकटवा. चढवायचे फोटो आणि कागद आधीच लहान करून ठेवा. जड फाइल अर्ध्या वाटेत अडते.

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी आपलं नेट ठीक असलं तरी पलीकडच्या संकेतस्थळावर गर्दी असते. अर्ज गेला की पोचपावतीचा क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नाही तर अर्ज गेला असं धरू नका.

पैसे पाठवताना नेट तुटलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खात्यावर बघा, पैसे कापले गेले का. घाईत दोनदा गेले तर परत मागत फिरावं लागतं. यूपीआयनं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेत हे ठामपणे सांगा.

आणि गटाच्या फायलींची एक प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर घ्या. ती अध्यक्षांकडं ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. प्रत नसताना कुणालाही लॅपटॉप फॉरमॅट करू देऊ नका.

एक धोकाही सांगते. "तुमचं नेट तुटतंय ना, मी कंपनीतून बोलतोय, हे ॲप घ्या, मी इथून नीट करतो," असा फोन येऊ शकतो. असं ॲप घेतलं की तुमची स्क्रीन त्याला दिसते, ओटीपीसकट. तुम्ही तक्रार केलेली नसताना आलेल्या अशा फोनला नाही म्हणा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. हा सरकारचा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे.

माणूस बोलवताना

कंपनीला फोन करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. वही समोर घ्या आणि सांगा: "गेल्या आठ दिवसांत इतक्या वेळा तुटलं, या वेळांना तुटलं. मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हींवर तुटतं. लाईट होती. एल ओ एसचा दिवा लाल होता." मग "मॅडम, तुमचा लॅपटॉप दाखवून घ्या" असं म्हणायला जागा राहत नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. क्रमांकाखाली तारीख लिहा. दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं.

दुकानदाराकडं लॅपटॉप न्यायचा झाला तर त्यालाही तसंच: "मोबाईलवर चालतं, यावरच तुटतं. हे हे उपाय करून झाले. डोंगल लावून बघितलं." खर्च किती ते आधी विचारा आणि फॉरमॅटला तुमची लेखी परवानगी लागेल असं सांगून या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जवाटप आणि हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. लॅपटॉप मध्ये ठेवा, एकीनं मोबाईल धरा आणि शेजारणीच्या नळाची ती पाहणी एकदा सगळ्यांनी मिळून करा. ज्या बाया लॅपटॉपला हात लावायला बिचकतात त्यांच्या हातात मोबाईल द्या, त्यांनाच सांगू द्या दोष कुठं आहे ते. आणि गटाच्या कपाटात आजपासून एक नवी वही घाला. पहिल्या पानावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि कंपनीचा तक्रारीचा फोन नंबर लिहा. दुसऱ्या पानापासून नोंदी सुरू करा. पासवर्ड त्यात आहे म्हणून ती वही कुलपातच राहू दे.